पतसंस्था बुडाली तेव्हा: ठाण्यातल्या कायद्याच्या एका प्राध्यापिकेसमोरचे निर्णय

हे प्रकरण २०२२ ते २०२४ या काळातलं आहे. संस्था, कॉलेज आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील आणि काही रकमा बदलल्या आहेत. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या विधी सेवा केंद्रात शनिवारी बसायचे. आता ठाण्यातच वकिली करते. ज्यांच्याभोवती हे सगळं घडलं त्या प्राध्यापिकेला आम्ही सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणायचो, इथेही तेच म्हणते. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी आमचं एकमत झालं नाही, ती दोन्ही ठिकाणं तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. विषय बँकिंग कायदा आणि सहकार कायदा. पुढे काही वर्षं त्या शिकवणं सोडून रोखे बाजाराच्या नियामकाकडे, म्हणजे सेबीकडे, विधी विभागात गेल्या. तो काळ सागवान आणि आंब्याच्या बागांच्या कंपन्यांचा. आज एक रोप घ्या, वीस वर्षांनी लाखो रुपये, अशा जाहिराती तेव्हा वर्तमानपत्रांत पानभर यायच्या. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले, आणि ज्या कंपन्या नोंदणीला आल्या नाहीत त्यांना योजना गुंडाळून लोकांचे पैसे परत करायचे आदेश निघू लागले. त्या आदेशांचे मसुदे तपासायचं काम मॅडमकडे होतं.

त्या दिवसांबद्दल त्या वर्गात फार बोलायच्या नाहीत. एकदाच सांगितलं. आदेश कायद्याला धरून होता, भाषा चोख होती, अपिलात टिकला असता. फक्त तो पोचवायला गेलेला माणूस परत आला, कारण त्या पत्त्यावर आता कंपनी नव्हती, साड्यांचं दुकान होतं. ही आठवण त्यांनी पुढे या प्रकरणात दोनदा काढली, आणि दोन्ही वेळा तिने निर्णय बदलला.

नियामकाकडून त्या परत शिकवण्याकडे आल्या, ठाण्यात स्थिरावल्या. दरवर्षी पहिल्या तासाला त्या एक गोष्ट सांगायच्या. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँकेचं काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी दहा वर्षं आधी चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली होती. कायदा शिकवणाऱ्या माणसाला पैशाच्या व्यवहाराचं काय कळतं, असं कुणी विचारलं तर हे सांगा, असं त्या म्हणायच्या. मला ते तेव्हा वर्गाला रंग आणण्यापुरतं वाटायचं. पुढच्या दोन वर्षांत कळलं की त्या स्वतःला कोणत्या मापाने मोजत होत्या.

आता संस्थेबद्दल. ही नागरी सहकारी पतसंस्था. कळवा, वर्तकनगर, ऐरोली आणि कोपरखैरणे अशा तिच्या शाखा. सुरुवात पिग्मीवर झालेली, म्हणजे एजंट रोज दुकानात, भाजीच्या पाटीशी येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जायचा. नंतर मुदत ठेवी आल्या. बँका साडेपाच टक्के देत होत्या तेव्हा इथे ज्येष्ठ नागरिकांना अकरा टक्के मिळत होते. कळवा शाखेच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बँकिंगची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५.’ हा शब्द तिथे असायलाच नको होता. बँकिंग नियमन कायद्यातली दुरुस्ती लागू झाल्यानंतर सहकारी संस्थांना नावात ‘बँक’, ‘बँकिंग’ हे शब्द वापरता येत नाहीत, आणि अशा संस्थांतल्या ठेवींना विमा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २२ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर निवेदनात सांगितलं होतं. या संस्थेच्या नावात ‘पतसंस्था’च होतं. शब्द होता काचेवर, आणि लोक वाचतात ते काचेवरचं.

अडचण

संक्रांतीनंतर पैसे मिळणं बंद झालं. आधी ‘सोमवारी या’, मग ‘मार्चएंड होऊ द्या’. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी केंद्रात पहिले आले ते कळव्याचे एक काका. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटीचे सहा लाख त्यांच्या नावावर आणि दोन लाख काकूंच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या, आणि वर एक घडी घातलेलं कात्रण. त्यात ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाल्याची बातमी होती, ४ फेब्रुवारी २०२० पासूनची.

“मॅडम, पाच लाखांपर्यंत तर सरकार देतंच ना? आम्ही दोघं आहोत, म्हणजे माझे पाच आणि हिचे दोन. एक लाख गेला असं धरतो.”

काकांनी हिशेब करून आणला होता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत हा विषय बोलला गेला. आधी हजार रुपये काढता येत होते, मग मर्यादा वाढत गेली, आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. त्या सगळ्यातून लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की बुडालं तरी पाच लाख मिळतात. ते बँकेपुरतं खरं आहे. पतसंस्थेला ते लागू नाही, हे मॅडमनी काकांना सांगितलं. काकांनी कात्रण परत घडी करून पिशवीत ठेवलं. त्यानंतर पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

महिनाभरात केंद्राच्या वहीत दोनशेहून जास्त नावं झाली. त्यात जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या होत्या, रिक्षावाले होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आणि पिग्मी गोळा करणारी ताईही होती. पंधरा वर्षं लोकांच्या दारात जाऊन पैसे घेतलेली. आता तिच्या दारात लोक जात होते.

पिग्मीवाल्यांची अडचण वेगळीच निघाली. ताई हातातल्या मशीनमधून चिठ्ठी काढून द्यायची. बायकांनी त्या चिठ्ठ्या रबरबँड लावून डब्यात जपून ठेवलेल्या. एकीने डबा उघडून टेबलावर ओतला. मी एक चिठ्ठी उचलली, उजेडात धरली. कोरी. दुसरी, कोरी. तिसरीवर फक्त तारखेचे दोन आकडे फिकट दिसत होते. तो उष्णतेवर छापला जाणारा कागद होता, आणि डबा गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर असायचा. रोज थोडे थोडे करून भरलेले पैसे, आणि हातात पांढरे तुकडे. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही.

ताईकडे मात्र वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर घातलेली, रोजची तारीख, नाव, रक्कम. पानांचे कोपरे तेलकट झालेले. ती वही या प्रकरणाचा कणा ठरली. पण तिलाही मर्यादा होती, आणि मॅडमनी ती पहिल्याच दिवशी आम्हाला दाखवली. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात घेता येतात, पण नुसत्या त्यांच्या जोरावर कुणावर देणं बसवता येत नाही. जोडीला पासबुक, संस्थेचा उतारा, काहीतरी हवं.

याच वहीत, वर्तकनगरच्या पानावर, मला मॅडमच्या आईंचं नाव दिसलं. पिग्मी, आणि समासात ‘मुदत ठेव ७५,०००’ अशी नोंद. मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले. मग त्यांना दाखवली. त्यांना माहीत नव्हतं. आईंनी लेकीला विचारलं तर ती नको म्हणेल, म्हणून सांगितलंच नव्हतं. पावती गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, “यादीत जिथे क्रम येतो तिथेच राहू दे. वरही नको, खालीही नको.”

समोरचे पर्याय

ठेवीदारांसाठी पहिला विचार झाला ग्राहक आयोगाचा. सहकारी संस्थेचा सभासद असला तरी ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने थिरुमुरुगन सहकारी संस्थेच्या प्रकरणात २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण प्रत्येकाची तक्रार वेगळी, आदेश वेगळा, आणि शेवटी वसुली कुणाकडून? रिकाम्या संस्थेकडून. इथे मॅडमनी पहिल्यांदा साड्यांच्या दुकानाची आठवण काढली. ज्याच्या मागे मालमत्ता नाही असा आदेश हातात घेऊन काकांना आणखी तीन वर्षं फिरवायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

सहकार न्यायालयाचा मार्ग होता, पण निम्म्याहून जास्त लोक नाममात्र सभासद होते आणि काहींना तर सभासदच करून घेतलेलं नव्हतं. तिथे पैशांच्या आधी सभासदत्वाचाच वाद उभा राहिला असता.

खरी निवड होती दोन रस्त्यांत. एक सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा: महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं, थकीत कर्जदारांवर कलम १०१ चे वसुली दाखले. हा रस्ता पैसे आणतो, पण सावकाश, आणि तोवर संचालक मोकळे असतात. दुसरा रस्ता फौजदारी: ठेवीदारांच्या हितसंबंधांचं रक्षण करणारा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संस्थेची, संचालकांची, आणि खोटेपणाने दुसऱ्याच्या नावावर केलेली मालमत्ताही जप्त करता येते. सभासद आहे की नाही याने तिथे फरक पडत नाही, ठेवीदार असणं पुरतं. पण गुन्हा दाखल झाला की पोलीस दप्तर उचलतात, शाखेला सील लागतं, आणि कर्जदारांना हप्ता न भरायला निमित्त मिळतं.

हे दोन रस्ते एकमेकांना कापतात. वृत्तपत्रांत जप्तीच्या बातम्या येतात, कर्जाच्या फाइली मुद्देमालात अडकल्याच्या येत नाहीत.

मॅडमच्या स्वतःसमोरचे पर्याय याहून अवघड होते. ठेवीदारांचा आग्रह होता की त्यांनीच कोर्टात उभं राहावं. ते शक्य नव्हतं, पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकीलपत्र दाखल करता येत नाही. मग एप्रिलमध्ये सहकार खात्यातून विचारणा झाली: संचालक मंडळ दूर करून प्रशासकीय समिती नेमायची आहे, तुम्ही सदस्य व्हाल का? नियामकाकडचा अनुभव, सहकार कायद्याचा अभ्यास, ठाण्याच्याच रहिवासी. त्यांच्याहून योग्य माणूस मिळणं कठीण होतं, आणि हे मी आजही म्हणते.

काय केलं

त्यांनी नकार दिला. आम्ही केंद्रातली चार-पाच मुलं त्या दिवशी त्यांच्यावर जवळजवळ चिडलो. आत बसून फाइली बघता आल्या असत्या, वसुलीला वेग देता आला असता. त्या आम्हाला घेऊन तलावपाळीला आल्या, एक फेरी मारली आणि कारण सांगितलं. समिती ठरवणार की कोणाला आधी पैसे द्यायचे. त्या यादीत त्यांची आई आहे. त्यांनी कितीही सरळ निर्णय घेतला तरी उद्या एखादा कर्जदार, ज्याच्याकडून वसुली होतेय, हेच कारण घेऊन बेलापूरला कोकण भवनात विभागीय सहनिबंधकांकडे जाईल आणि सगळ्या कारवाईलाच हरकत घेईल. नुकसान त्यांचं होणार नव्हतं, काकांचं होणार होतं.

नकाराचं पत्र मी टाइप केलं. त्यात आईंच्या ठेवीची रक्कम आणि पावतीची तारीख लिहिली होती. सोबत सुचवलं होतं की समितीत निवृत्त सहकारी लेखापरीक्षक घ्यावा, आणि ठेवीदारांचा प्रतिनिधी घ्यायचा तर पिग्मीवाल्यांमधून घ्यावा, कारण मोठ्या ठेवीवाल्यांचा आवाज आपोआप पोचतो. पहिली सूचना मानली गेली, दुसरी नाही.

त्याआधी, फेब्रुवारीतच, त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला लावला होता. पतसंस्थेला हा कायदा थेट लागू होत नाही. मात्र निबंधकांकडे असलेली किंवा त्यांना कायद्याने मागवता येणारी माहिती निबंधकांकडून मिळू शकते, हे थलप्पलम सहकारी बँकेच्या २०१३ च्या निकालात आलेलं आहे. अर्ज उपनिबंधक कार्यालयात, दहा रुपयांचं तिकीट लावून. मार्चअखेर लेखापरीक्षण अहवालाची प्रत आली. सलग काही वर्षं ‘ड’ वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा. संचालकांच्या नातेवाइकांना तारणाशिवाय कर्जं. एकाच दिवशी एकाच पत्त्यावर सात कर्जं. सगळं लिहिलेलं होतं, सही-शिक्क्यासकट.

अहवाल येईपर्यंत गुन्हा दाखल करायला जायचं नाही, हा मॅडमचा निर्णय होता. कागदाशिवाय गेलो तर ‘दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि एकदा तसा शेरा बसला की तो पुसायला सहा महिने जातात, असं त्यांचं म्हणणं. अहवाल हातात आल्यावरही पहिल्या भेटीत हेच ऐकायला मिळालं, की सभासदांनी संस्थेत ठेवलेले पैसे, यात ठेव कसली? त्यानंतर काही दिवसांतच, २२ एप्रिल २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाचा ‘६३ मून्स’ या कंपनीच्या प्रकरणातला निकाल आला. एमपीआयडी कायद्यातली ‘ठेव’ आणि ‘वित्तीय आस्थापना’ यांची व्याख्या किती व्यापक आहे ते त्यात सविस्तर आहे. मॅडमनी रात्रभर तो वाचला, आम्हाला चार पानांचं मराठी टिपण करायला लावलं, आणि ते टिपण तक्रारीला जोडलं. निकालाची जाडजूड प्रत जोडली असती तर कुणी उघडली नसती. मे महिन्यात गुन्हा दाखल झाला, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला.

पिग्मीवाल्या ताईबद्दलही तेव्हाच ठरवावं लागलं. ठेवीदारांतल्या बऱ्याच जणांना ती आरोपी म्हणून हवी होती. पैसे तिच्याच हातात दिले होते, चेहरा तिचाच माहीत. मॅडमनी तिचं स्वतःचं पासबुक सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. तिची एक लाख ऐंशी हजारांची ठेव तिथेच अडकली होती. बैठकीत कुजबुज थांबली असं नाही, पण तक्रारीत तिचं नाव साक्षीदार म्हणून गेलं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तशी तरतूद आहे. त्यामुळे ताई आणि भाजीवाल्या मिळून साठेक बायकांचे अर्ज आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरले. कोर्ट नाक्यावरच्या टायपिंगवाल्यांकडे प्रत्येकी पैसे मोजावे लागू नयेत म्हणून फॉर्म कॉलेजच्या प्रिंटरवर काढले. शाई संपली की शिपाईमामा कुठूनतरी कार्ट्रिज पैदा करायचे.

वही पोलिसांकडे देण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो, आणि पासबुकांशी ताळमेळ घालणारा तक्ता. तीन शनिवार, सहा मुलं. ज्या चिठ्ठ्यांवर अजून काही वाचता येत होतं त्या तेव्हा कुठे स्कॅन झाल्या.

निष्पत्ती

मालमत्ता जप्तीची अधिसूचना २०२३ मध्ये निघाली. अध्यक्ष आणि दोन संचालकांच्या सदनिका, दोन गाळे. त्यातला एक गाळा मार्च २०२२ मध्ये, म्हणजे आम्ही अहवालाची वाट बघत होतो तेव्हा, मेहुण्याच्या नावे बक्षीसपत्राने गेलेला. तो मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला आणि त्यावर अजून सुनावणी चालू आहे. जामिनाच्या अटी म्हणून संचालकांनी न्यायालयात काही रक्कम भरली.

प्रशासकीय समितीने वसुली दाखल्यांवरून पैसे गोळा केले आणि न्यायालयाच्या परवानगीने २०२३ च्या दिवाळीपूर्वी दहा हजारांपर्यंतच्या ठेवी पूर्ण परत केल्या. यात बहुतेक भाजीवाल्या बसल्या, कोऱ्या चिठ्ठ्यांच्या डब्याची मालकीणही. तिची रक्कम वही आणि पासबुकाच्या जुळणीतून सिद्ध झाली, पण पूर्ण नाही. शेवटच्या चार महिन्यांच्या नोंदी पासबुकात चढलेल्याच नव्हत्या.

काकांना २०२४ अखेरपर्यंत एक तृतीयांशाहून थोडं जास्त मिळालं. ताई आता पोळीभाजी केंद्रात काम करते, साक्षीला तारीख लागली की सुट्टी काढून येते. मॅडमच्या आईंची ठेव मोठ्यांच्या रांगेत आहे. दर दोन महिन्यांनी त्या लेकीला विचारतात, आणि लेक सांगते, अजून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा गुन्ह्याच्या वेळेचा, आणि इथे माझं मॅडमशी पटत नाही. लेखापरीक्षण अहवालाची वाट बघण्यात आणि मग ठेवीच्या व्याख्येवर अडण्यात तीन महिने गेले, तेवढ्यात एक गाळा हातातून निसटला. वीस पक्क्या मुदत ठेव पावत्या घेऊन फेब्रुवारीतच लेखी तक्रार द्यायला हवी होती, आणि अहवाल मागाहून पुरवणी म्हणून जोडायला हवा होता. लेखी तक्रारीची पोच हातात असती तर मार्चमधलं बक्षीसपत्र तक्रारीनंतरचं ठरलं असतं, आणि आज त्या अर्जात आमची बाजू जास्त भक्कम असती. मॅडमचं म्हणणं, अहवालाशिवाय तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलाच नसता, एखाद्या चौकीत पडून राहिला असता. त्यांना ते साड्यांचं दुकान दुसऱ्यांदा आठवलं ते इथेच: पत्ता चुकीचा असेल तर बरोबर आदेशही वाया जातो. मी त्यांची भीती समजू शकते. तरी मला वाटतं, नियामकाकडे काम केलेल्या माणसाला कागद पूर्ण करण्याची जी सवय लागते, ती इथे नडली. तिथे अर्धवट आदेश अपिलात पडतो. पोलीस ठाण्यात अर्धी तक्रारही तारीख गोठवते.

दुसरा मुद्दा कर्जाच्या फाइलींचा, आणि इथे दोघींचं एकमत आहे. गुन्हा दाखल होण्याच्या आठवडाभर आधी समिती नेमली गेली होती. त्या आठवड्यात समितीने कर्ज खात्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, असं पत्र आम्ही द्यायला हवं होतं. दिलं नाही. फाइली मुद्देमालात गेल्या, आणि प्रती मिळवायला विशेष न्यायालयात अर्ज करून चार महिने थांबावं लागलं. त्या चार महिन्यांत एकही नवीन वसुली दाखला निघाला नाही.

समितीचं पद नाकारणं बरोबर होतं का, यावर मी अनेकदा विचार केला आहे. आईंची ठेव असताना पूर्ण सदस्यत्व घेणं चुकीचं ठरलं असतं, हे आता वकिली करताना मला जास्तच पटतं. हितसंबंधांच्या एका हरकतीवर महिनोन्‌महिने थांबलेली कामं मी पाहिली आहेत. पण सदस्यत्व आणि नकार यांच्या मध्ये एक जागा होती. पैसे वाटपाच्या बैठकांना न बसता फक्त वसुली आणि कलम ८८ च्या कामासाठी सल्लागार म्हणून येते, असं लेखी कळवता आलं असतं. समितीतले निवृत्त लेखापरीक्षक आकडे उत्तम वाचायचे, कायद्याच्या मुद्द्यावर अडायचे. आणि मग रात्री कुणाच्या तरी ओळखीने मॅडमना फोन करायचे. सल्ला गेलाच, फक्त कागदावर कुठे दिसला नाही. मॅडम यावर गप्प राहिल्या, आणि त्यांचं गप्प राहणं मी होकार धरलेला नाही.

चिठ्ठ्यांचं तर सरळ आहे. पहिला डबा ओतला गेला त्याच दिवशी सगळ्यांना फोनवरून सांगायला हवं होतं की चिठ्ठ्या गरम जागेतून काढा, प्लॅस्टिकमध्ये घालू नका, आजच फोटो काढा. आम्ही हे चौथ्या आठवड्यात केलं. मधल्या वेळात किती कागद कोरे झाले ते मोजायला काही साधन नाही.

सगळ्यात महाग पडली ती ऐरोली-कोपरखैरणेची चूक. आम्ही ठाण्यात बसून ठाण्याचाच विचार केला. ऐरोली, कोपरखैरणे महसुलाच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातच येतात, जिल्हाधिकारी एकच, म्हणून आम्हाला वाटलं सगळं एकाच छत्राखाली आहे. पण पोलीस आयुक्तालय तिथे नवी मुंबईचं, वेगळं. तिथले ठेवीदार आमची वाट न बघता स्वतः एकत्र आले आणि त्यांनी जूनमध्ये वेगळा गुन्हा दाखल केला, फौजदारी कलमं लावून पण एमपीआयडी न लावता. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन तपास, दोन दप्तरं, तेच आरोपी. दोन्ही एकत्र यायला वर्षाहून जास्त लागलं, आणि तोवर त्यांच्या ठेवी जप्तीच्या प्रस्तावातल्या एकूण रकमेत धरल्याच गेल्या नव्हत्या. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून ऐरोली जेमतेम दहा मिनिटांवर. फेब्रुवारीतला एक शनिवार आम्ही तिकडे जाऊन बसलो असतो तर हे टळलं असतं. मॅडम तेव्हा म्हणाल्याही होत्या, एकदा तिकडे जाऊ या. परीक्षा तोंडावर होत्या म्हणून आम्ही मुलांनीच पुढे ढकललं.

केंद्र अजून चालू आहे, मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतील. नोंदणीच्या फॉर्मवर आता नाव आणि पत्त्याच्या खाली, रकमेच्याही आधी, दोन नवे प्रश्न आहेत. संस्थेच्या इतर शाखा कुठे कुठे आहेत? आणि तिथल्या कुणा ठेवीदाराचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का?